महाराष्ट्रात क्लिनिकल ट्रायल कुठे चालू आहे हे कसं शोधायचं? बाबांसाठी माहिती हवीये

बालाघाटची_लेक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही राहिलं तर विचारा.

बाबा ६१ वर्षांचे. जिभेचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाले, मधे वर्षभर छान होते, शेतात जायला लागले होते, आणि आता मानेत परत गाठ आलीये, पेट स्कॅनमध्ये फुप्फुसातही बारीक ठिपके दिसतायत. लातूरच्या डॉक्टरांनी किमो सुचवलीये आणि उठता उठता म्हणाले की मुंबई-पुण्याकडे एखादी ट्रायल, म्हणजे नव्या उपचाराची पेशंटवर चाचणी, चालू असेल तर चौकशी करून बघा. बाहेर एवढी गर्दी होती की पुढचं काही विचारताच आलं नाही.

घरात दोन तट पडलेत. काका म्हणतात आपल्या माणसावर प्रयोग करून घ्यायचे नाहीत. भाऊ म्हणतो उद्याच मुंबई गाठू. मला दोघांचंही पटत नाहीये कारण दोघांनाही नक्की माहिती काहीच नाही. आपल्या राज्यात कुठे काय चालू आहे याची यादी असते का? खर्च कोण करतं? मधेच सोडता येतं का? आणि काही झालंच तर जबाबदार कोण? कुणी जवळून बघितलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

मुळामुठा

ताई, मी पुण्यात स्टडी कोऑर्डिनेटर आहे, म्हणजे ट्रायलमधल्या पेशंटच्या तारखा, तपासण्या, कागदपत्रं बघणारी माणसं असतात त्यातला एक. जमेल तेवढं लिहितो.

यादी असते आणि ती सगळ्यांना खुली आहे. सीटीआरआय म्हणतात, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया. आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची आहे, २००७ पासून चालू, औषधांच्या ट्रायलना नोंदणी २००९ पासून सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घ्यायच्या आधीच नोंद करावी लागते, मागाहून चालत नाही. त्यामुळे कुणी सांगितलं की आमच्याकडे ट्रायल आहे तर पहिला प्रश्न हाच विचारायचा, सीटीआरआय नंबर काय? नंबर सीटीआरआय, मग वर्ष, मग महिना, मग आकडा असा असतो. नंबर देता येत नसेल तर तिथून उठायचं.

साइटवर शोधताना नुसतं कॅन्सर टाकलं तर ढीगभर नोंदी येतात आणि माणूस हताश होतो. ॲडव्हान्स सर्चमध्ये राज्य निवडता येतं, जिल्हापण निवडता येतो. आजाराचं इंग्रजी नाव घाला, बाबांच्या केसमध्ये हेड अँड नेक किंवा ओरल कॅव्हिटी. मग रिक्रूटमेंट स्टेटस बघा, ओपन टू रिक्रूटमेंट म्हणजे पेशंट घेणं चालू असेल तरच उपयोग, पण हे अपडेट करायला लोक उशीर करतात त्यामुळे फोन करून खात्री करायचीच. बऱ्याच नोंदी एमडी, एमएसच्या विद्यार्थ्यांच्या थिसीसच्या असतात, तसा रकानाच असतो, त्या वाईट नसतात पण बहुतेकदा तुम्हाला हवं असलेलं नवीन औषध त्यात नसतं. खाली साइट्स ऑफ स्टडीमध्ये हॉस्पिटल आणि डॉक्टरांचं नाव, इनक्लुजन आणि एक्सक्लुजन क्रायटेरिया म्हणजे कोणाला घेणार आणि कोणाला नाही, एथिक्स कमिटीची (पेशंटचं हित बघून ट्रायलला परवानगी देणारी समिती) मंजुरी मिळालीये की नाही, सगळं असतं. पब्लिक क्वेरी असं लिहिलेला जो संपर्क असतो तो तुमच्यासारख्यांनी विचारावं म्हणूनच असतो, बिनधास्त मेल करा.

आणि एक अगदी महत्त्वाचं. लातूरच्या डॉक्टरांना विचारा की किमो सुरू करायच्या आधी किती दिवस थांबलेलं चालेल. कारण काही ट्रायलमध्ये परत उलटल्यानंतर एकही किमो झालेली चालत नाही, काहींमध्ये उलट एक किमो होऊन गेलेली लागते. पण ट्रायलच्या शोधात उपचार लांबवू नका, डॉक्टर म्हणाले आठ दिवस तर आठच दिवस.

गोदाकाठ

यादी आहे हे खरं पण यादीत मराठवाडा किती दिसतो तेही सांगा की. मुंबई, पुणे, मग नागपूर, वर्धा, नाशिक, थोडंफार संभाजीनगर, कोल्हापूर. परभणी-हिंगोलीच्या माणसाला दर तीन आठवड्यांनी परळला जायचं म्हणजे रेल्वेचा एक दिवस जायला, एक यायला, सोबत एक माणूस, त्या माणसाची मजुरी बुडणार. औषध फुकट असून काय उपयोग?

मुळामुठा

गोदाकाठ, मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. कंपनी स्पॉन्सर असते त्या ट्रायलमध्ये प्रवासखर्च बहुतेक वेळा देतात, तो संमतीपत्रात लिहिलेला असतो, पण सोबतच्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीचं कुणी बघत नाही. डॉक्टरांनी स्वतः काढलेल्या ट्रायलमध्ये, सरकारी किंवा ट्रस्टच्या हॉस्पिटलात, हा पैसा कमीच असतो. तो प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायचा, लाजायचं नाही.

खर्चाचं ढोबळ असं की कंपनीच्या ट्रायलमध्ये जे औषध तपासायचंय ते आणि फक्त ट्रायलसाठी लागणाऱ्या जास्तीच्या तपासण्या यांचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. नेहमीचे उपचार जे ट्रायल नसती तरी झालेच असते त्यांचे पैसे द्यावे लागू शकतात, किंवा ते जनआरोग्य योजनेत बसतात का ते बघावं लागतं. कोण काय भरणार हे लेखी मागा.

परांडा_एक्स्प्रेस

मराठवाड्याचा विषय निघालाच आहे तर सांगते, आमच्या धाराशिव जिल्ह्यात (तेव्हाचं उस्मानाबाद) जगातल्या मोठ्या ट्रायलपैकी एक होऊन गेलीये आणि जिल्ह्यातल्याच अर्ध्या लोकांना माहीत नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आयएआरसी (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) असे मिळून. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायका, गावांचे ५२ गट केले, काही गटांत एचपीव्ही म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची चाचणी, काहींत पॅप म्हणजे पेशी घेऊन तपासणं, काहींत नुसतं व्हिनेगरसारखं ॲसिड लावून डोळ्यांनी बघायचं, आणि काही गटांना नेहमीसारखं म्हणजे तपासणी नाही. २००९ ला निकाल आला, आयुष्यात एकदा एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. आज जगभर एचपीव्ही टेस्ट करा म्हणून सांगतात त्यामागे आमच्या गावातल्या बायका आहेत याचा मला फार अभिमान आहे.

आई त्यात होती. ती सांगते की गावात नर्सबाई घरोघर येऊन समजावून गेल्या, सासूने आधी नको म्हटलं, मग शेजारच्या चारजणी निघाल्या तेव्हा आईपण गेली.

निरंजन_न

अभिमान ठीक आहे पण त्याच ट्रायलमधल्या ज्या बायकांची तपासणीच झाली नाही त्यांचं काय? कंट्रोल ग्रुपमध्ये ३१ हजारांवर बायका होत्या आणि त्यातल्या ६४ जणी याच कॅन्सरने गेल्या. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटाने तशीच दीड लाख बायकांची ट्रायल केली, २०१३ ला निकाल, मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी, आणि त्यावरही हाच आक्षेप आला की तपासणीचा फायदा होतो हे जगाला माहीत असताना अर्ध्या बायकांना तशाच का ठेवल्या. काकांचा विरोध अडाणीपणाचा नाहीये ताई. गरिबांवर प्रयोग होतात ही भीती हवेतून आलेली नाही. २०१२-१३ मध्ये सुप्रीम कोर्टाला याच विषयात केंद्र सरकारला झापावं लागलं होतं, त्यानंतर नियम कडक झाले.

परांडा_एक्स्प्रेस

निरंजन, तुमचा आक्षेप मला मान्य आहे आणि तो मलाही टोचतो. संशोधकांचं म्हणणं असं होतं की त्या वेळी भारतात तपासणीचा कार्यक्रमच नव्हता, त्यामुळे नेहमीची सोय म्हणजे काहीच नाही, आणि इथे परवडेल अशी पद्धत कुठली ते आधी सिद्ध करायचं होतं. त्या ६४ जणींच्या घरच्यांना हे उत्तर पुरेल असं मी म्हणणार नाही. पण इतकं होऊनही आज आमच्या तालुक्यात तपासणी नियमित होत नाही, माझा राग त्यावर जास्त आहे.

डॉ_सह्याद्री

मी कॅन्सरचा डॉक्टर नाही, फिजिशियन आहे, पण एथिक्स कमिटीवर काम केलंय म्हणून दोन गोष्टी.

ट्रायल ही उपचाराची हमी नसते. पेशंटांचे गट करतात, आणि नव्या औषधाच्या गटात जाणार की तुलनेच्या दुसऱ्या, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवतो, तुमचे डॉक्टर नाही, ओळख लावून बदलता येत नाही. कॅन्सरच्या ट्रायलमध्ये दुसऱ्या गटाला शक्यतो नेहमीचे चालू उपचार मिळतात, नुसती साखरेची गोळी देऊन बसवत नाहीत, पण हे गृहीत धरू नका, दुसऱ्या गटाला काय मिळणार हे स्पष्ट विचारा.

दुसरं कायद्याचं. १९ मार्च २०१९ पासून न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स लागू आहेत. ट्रायलमुळे इजा झाली तर गरज असेल तोवर मोफत उपचार, आणि इजा ट्रायलमुळेच झाली हे ठरलं तर वर भरपाई. मृत्यू झाल्यास सूत्र ठरलेलं आहे, मूळ रक्कम ८ लाख धरून वय आणि आजाराची जोखीम यांनी गुणायचं, साधारण ४ लाखांपासून ७३.६० लाखांपर्यंत. ज्याला मुळातच महिन्याभरात मृत्यूची शक्यता ९० टक्क्यांवर आहे अशा पेशंटला ठरावीक २ लाख. आजाराने मृत्यू आला तर भरपाई नाही, ट्रायलमुळे आला तर आहे, आणि तिथेच वाद होतात. गंभीर काही घडलं तर डॉक्टरांनी २४ तासांत कळवायचं असतं. एथिक्स कमिटीत किमान सात जण लागतात, त्यात वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा सामान्य माणूस, कायद्याचा जाणकार आणि बाई सदस्य असावीच लागते. कमिटीचा फोन संमतीपत्रावर छापलेला असतो. तो वापरा, लोक वापरत नाहीत.

मुळामुठा

डॉक्टरसाहेबांनी संमतीपत्राचं काढलं म्हणून जोडतो. त्या फॉर्मवर पेशंटचं शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव, नातं, पत्ता असे रकाने असतात. नॉमिनी वाचलं की घरचे एकदम गप्प होतात, एका काकूंनी पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं की म्हणजे तुम्ही धरूनच चाललाय का. तसं नसतं. भरपाई द्यायची वेळ आली तर कुणाला द्यायची यासाठी तो रकाना कायद्यानेच घातलाय, ट्रायल साधी असली तरी भरावाच लागतो. उत्पन्न कमी लिहिलं तर फायदा, जास्त लिहिलं तर तोटा असंही काही नाही, खरं तेच लिहा.

फॉर्म मराठीतून मिळायला हवा. पेशंटला वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार पूर्ण वेळ समोर बसलेला लागतो. सही केलेली एक प्रत तुम्हाला मिळायलाच हवी. घरी नेऊन वाचायला मागा, कुणी आजच्या आज सही करा म्हणत असेल तर नाही म्हणा.

खान्देशी_तडका

नाही म्हणा हे लिहायला सोपं आहे. माझ्या मावशीच्या वेळी एका मोठ्या हॉस्पिटलात (नाव घेत नाही) इंग्रजी कागदाचा गठ्ठा पुढे केला, इथे इथे सह्या करा म्हणाले, मावशीला वाटलं ऑपरेशनचा फॉर्म आहे. ट्रायलमध्ये आहोत हे आम्हाला तिसऱ्या भेटीत कळलं. औषधाने त्रास काही झाला नाही पण विश्वास उडाला तो उडालाच. आम्ही बाहेर पडलो. तेव्हा ते बोलले की बाहेर पडलात तर पुढचे उपचार इथे अवघड जातील.

डॉ_सह्याद्री

खान्देशी, हे ऐकून खरंच वाईट वाटलं आणि हे नियमाच्या सरळ विरोधात आहे. कुठल्याही टप्प्यावर, कारण न सांगता बाहेर पडता येतं आणि नेहमीच्या उपचारांवर त्याचा परिणाम होता कामा नये, हे वाक्य संमतीपत्रात असावंच लागतं. अशा वेळी एथिक्स कमिटीच्या मेंबर सेक्रेटरीला लेखी द्यायचं आणि सीडीएससीओला, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेलाही. आता दुर्बल घटकातल्या व्यक्तींना अगदी नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये घेताना संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग सक्तीचं आहे ते अशाच प्रकारांमुळे.

सिंहगड_रोड

माझा अनुभव चांगला होता तोही लिहितो. कोविशील्डची ट्रायल, पुणे, २०२०. ऑगस्ट २६ ला भारती हॉस्पिटलमध्ये पहिले डोस दिले, मी नंतरच्या बॅचमधला. देशभरात १६०० लोक, १७ सेंटर, त्यातली बरीच आपल्याकडची होती, मुंबईत केईएम आणि नायर, पुण्यात ससून, भारती, जहांगीर, वढू, शिवाय सेवाग्राम आणि नागपूर. आधी अँटिबॉडी आणि आरटीपीसीआर, मग डोस, अर्धा तास बसवून ठेवलं, घरी डायरी दिली, रोज ताप लिहायचा. सप्टेंबरमध्ये इंग्लंडमधल्या एका स्वयंसेवकाच्या त्रासामुळे सगळं मधेच थांबवलं होतं तेव्हा घरात फार टेन्शन होतं, पण मला सेंटरमधून स्वतःहून फोन आला, काय झालंय आणि आपण का थांबलोय हे नीट सांगितलं. थांबवतात हे बघूनच मला धीर आला. लस मिळाली की प्लासिबो (औषध नसलेलं इंजेक्शन) ते बऱ्याच उशिरा कळलं.

अक्षय_बीई

निरोगी लोकांच्या ट्रायल असतात ना, पैसे मिळतात म्हणे. मित्र जाऊन आला नवी मुंबईत. फी भरायला मदत होईल. सेफ आहे का?

मुळामुठा

अक्षय, त्या बहुतेक बायोइक्विव्हलन्स स्टडी असतात, म्हणजे जुन्या औषधाची दुसऱ्या कंपनीची गोळी रक्तात तेवढीच उतरते का ते बघतात. एक-दोन रात्री तिथे ठेवतात, बऱ्याच वेळा रक्त काढतात. दोन स्टडींमध्ये तीन महिन्यांचं अंतर ठेवायचं असतं. पैशासाठी लोक हे लपवून दोन-तीन ठिकाणी नाव देतात, तिथे धोका सुरू होतो, रक्त कमी होतं आणि दोन औषधं एकमेकांत मिसळतात. मित्राच्या सांगण्यावरून नको. नंबर बघ, फॉर्म वाच, घरी सांगून जा. आणि मनापासून सांगतो, फी हा एकच उद्देश असेल तर जाऊ नकोस, कॉलेजची स्कॉलरशिप, महाडीबीटी आधी बघ.

वसईची_सुनीता

माझा भाचा ऑटिस्टिक आहे, एका क्लिनिकने स्टेम सेल ट्रायल म्हणून काही लाखांचं कोटेशन दिलंय. हे बसतं का यात?

डॉ_सह्याद्री

सुनीताताई, अजिबात नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताचे काही आजार वगळता स्टेम सेल ही सिद्ध झालेली उपचारपद्धती नाही, बाकी सगळं फक्त मंजूर ट्रायलमध्येच करता येतं. ट्रायल म्हणायचं आणि त्याचे लाखो रुपये घ्यायचे हे दोन्ही एकत्र चालत नाही. बहिणीला आजच फोन करा.

रुग्णसोबती

मूळ धाग्याकडे येते. मी परळ भागात पेशंट आणि नातेवाइकांना मदत करते. लेक ताई, तोंडाच्या आणि मानेच्या कॅन्सरमध्ये आपल्याकडे खरंच मोठं काम झालंय कारण तंबाखूमुळे पेशंटच आपल्याकडे इतके आहेत. मानेच्या गाठी आधीच काढाव्यात की वाट बघावी हा प्रश्न टाटाच्या ट्रायलने २०१५ मध्ये सोडवला, तीन वर्षांनी जगणारे ८० टक्के विरुद्ध ६७.५ टक्के. आणि तुमच्या बाबांच्या परिस्थितीला जवळची म्हणजे निवोलुमॅबची. हे इम्युनोथेरपीचं औषध इतकं महाग की सामान्य माणूस नावही घेत नाही. टाटाच्या डॉक्टरांनी फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, स्वस्तातल्या गोळ्यांबरोबर देऊन बघितलं. १५१ पेशंट होते. वर्षभरानंतर नुसत्या गोळ्यांच्या गटात १६ टक्के हयात, हे औषध मिळालेल्या गटात ४३ टक्के. २०२२ मध्ये छापून आलं. कुठल्या परदेशी कंपनीने कमी डोसची ट्रायल कशाला केली असती? ती इथेच व्हायला हवी होती आणि इथल्याच पेशंटांनी त्यात भाग घेतला म्हणून झाली.

म्हणून ट्रायल सापडली नाही तरी लातूरच्या डॉक्टरांना या कमी डोसबद्दल विचाराच, त्यासाठी ट्रायलमध्ये असायची गरज नाही. बाबांना ते योग्य आहे का ते डॉक्टरच सांगतील.

अगदी पहिल्या टप्प्यातल्या औषधांसाठी आयसीएमआरचं चार संस्थांचं नेटवर्क आहे, त्यातल्या दोन आपल्याकडे, मुंबईचं केईएम आणि खारघरचं ॲक्ट्रेक (टाटाचंच कॅन्सर संशोधन केंद्र). पण पहिल्या टप्प्यात मुख्यतः डोस किती सोसतो ते बघतात, फायद्याची आशा कमी धरायची. हे बाबांनाही स्पष्ट सांगा, लपवू नका.

बालाघाटची_लेक

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, कसे आभार मानू कळत नाहीये.

अपडेट देते. डॉक्टरांना विचारलं, दहा दिवस थांबलेलं चालेल म्हणाले. सीटीआरआयवर महाराष्ट्र आणि हेड अँड नेक टाकून बसले. एका ठिकाणी भरती संपली म्हणाले, एका ठिकाणी फुप्फुसात पसरलेलं चालत नाही म्हणाले, तिसऱ्या ठिकाणच्या कोऑर्डिनेटर मॅडमनी रिपोर्ट मागवलेत आणि संमतीपत्राची मराठी प्रत मेलवर पाठवलीये. ती मी काल बाबांना मोठ्याने वाचून दाखवली, काकाही बसले होते. बाबांनी पहिला प्रश्न विचारला की दुसऱ्या गटात गेलो तर नेहमीची किमो तरी मिळणार ना. तसं लिहिलेलं होतं. काकांनी सीटीआरआय नंबर स्वतः मोबाईलवर टाकून बघितला. बाबा म्हणाले जाऊन येऊ, नाही बसलो तर लातूरला किमो घेऊ. ठरलं.

आता दोन प्रश्न. त्यांनी स्लाइड आणि ब्लॉक आणा म्हणून सांगितलंय, ते काय असतं आणि कुठून घ्यायचं? आणि मुंबईत राहायची सोय?

रुग्णसोबती

राहायला दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती. दोन्हीकडे हॉस्पिटलचा कागद लागतो आणि जागा भरलेल्या असतात, त्यामुळे आधी फोन करा, पहिले एक-दोन दिवस तरी नातेवाइकांकडे सोय बघून ठेवा. रेल्वेत कॅन्सर पेशंट आणि सोबतच्या एका माणसाला तिकिटात सवलत आहे, त्याचा फॉर्म हॉस्पिटलमधूनच भरून घ्या.

मुळामुठा

ब्लॉक म्हणजे ऑपरेशनच्या वेळी काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो तो, आणि स्लाइड म्हणजे त्याचाच पातळ काप लावलेली काचपट्टी. ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागात बायोप्सी नंबर घेऊन जा, अर्ज द्या, एक-दोन दिवस लागतात म्हणून उद्याच जा. किती ब्लॉक, किती स्लाइड दिल्या ते कागदावर लिहून सही घ्या. ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण वितळतं, हातातल्या पिशवीत न्या. सोबत रेडिएशनचा चार्ट, किती शेक आणि किती डोस तो, डिस्चार्ज कार्ड, पेट स्कॅनची सीडी फक्त रिपोर्ट नाही, आणि बाबा सध्या घेतात त्या सगळ्या गोळ्या, बीपी-शुगरच्यासुद्धा, पाकिटासकट. काही आयुर्वेदिक काढा वगैरे चालू असेल तर तोही सांगा. अडलं तर इथेच लिहा, मी रात्री बघतो.